तंकमणीच्या जेट्ट्या

नकाशात दुसऱ्याने घातलेल्या गोष्टीला हात लावायचा असेल तर आधी त्याला विचारायचं, असा नकाशा करणाऱ्या लोकांचा नियम आहे. म्हणून त्यांच्यातल्या रेजिमोनने माझ्या बायकोला, तंकमणीला, निरोप पाठवला. ती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याला ते माहीत नव्हतं.

तिचा फोन मी रोज चार्ज करून ठेवत होतो. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी आलो तर फोनवर निरोप आलेला. बोटीच्या खात्याने आपल्या सगळ्या थांब्यांची माहिती लोकांना खुली केली आहे, ती आता नकाशात चढवायची आहे, आणि तंकमणी यांनी पूर्वी घातलेल्या जेट्ट्या त्यासाठी काढाव्या लागतील, असं लिहिलं होतं. हरकत असेल तर रविवारी वाचनालयातल्या बैठकीला यावं.

मी भात झाकून ठेवला आणि तो निरोप पुन्हा वाचला.

तंकमणी सरकारी नर्स होती. कुट्टनाडात रस्त्यांपेक्षा कालवेच जास्त, त्यामुळे नर्सचं निम्मं आयुष्य बोटीत जातं. लसींचा डबा मांडीवर घेऊन ती या जेट्टीवरून त्या जेट्टीवर फिरायची. मोठा पूर आला तेव्हा समुद्रावरचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आमची माणसं काढायला आले. लोक फोनवर ओरडत होते, "आम्ही पट्टरुपाडम जेट्टीजवळ आहोत, लवकर या." आता कोळ्यांना पट्टरुपाडम कुठून माहीत असणार? फोनमधल्या नकाशात तिथे नुसता निळा रंग. एक होडी चुकीच्या कालव्यात शिरली आणि अंधार पडेपर्यंत फिरत राहिली. तंकमणी आरोग्य केंद्राच्या गच्चीवर बसून, ती होडी ज्या घराकडे निघाली होती तिथल्या सुनेशी फोनवर बोलत होती. होडी पोचली तोवर त्या घरातली म्हातारी गेली होती.

पूर ओसरल्यावर आलप्पुळ्याहून जिन्सी नावाची मुलगी केंद्रात आली. कॉलेजात शिकवते. तिने सांगितलं, एक नकाशा आहे, तो कुठल्या कंपनीचा नाही, ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने त्यात घालायचं. तंकमणीने पहिला ठिपका पट्टरुपाडमचा घातला. मग बाकीचे. जेट्टीवर उतरायचं, फोन हातात धरून उभं राहायचं, ठिपका घालायचा, लोक त्या जेट्टीला काय म्हणतात ते लिहायचं, मग पोरांना सुया टोचायला जायचं. अंथरुणाला खिळेपर्यंत तिचं हे चालू होतं.

त्या नकाशात ठिपक्याची माहिती उघडली की तो कुणी घातला त्याचं नाव दिसतं. आमच्यात थडगं बांधत नाहीत. घराच्या दक्षिणेला जाळतात आणि तिथे माड लावतात. माडावर नाव नसतं. तिचं नाव मला दिसायचं ते त्या जेट्ट्यांवर. ते तिथे राहावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी गेलो. वाचनालयाच्या माडीवर माणसं जमली होती, बहुतेक माझ्या निम्म्या वयाची. भिंतीवर नकाशा पडला होता. कालव्यांच्या कडेने लाल ठिपके आणि निळे ठिपके.

"निळे खात्याचे," लॅपटॉपवाला सांगत होता. "लाल जुने. निळ्याच्या आसपास जो लाल सापडेल तो साफ. मशीन एका फटक्यात करेल. खालून चहा येईस्तोवर काम खलास."

हा रेजिमोन. कोचीला कंपनीत नोकरी, दाढी राखलेली, बोलताना हातातलं पेन नाचवणारा.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो.

सगळे वळले.

"आपण कोण, चेट्टा?"

"पुष्करन. पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. ते लाल ठिपके माझ्या बायकोचे आहेत."

"मग चेचींनाच घेऊन यायचं ना. निरोप मी त्यांना टाकला होता."

कोपऱ्यातून जिन्सी म्हणाली, "रेजी, गप्प बस."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. पेन खाली ठेवलं. "चुकलं माझं, चेट्टा. मला कुणी सांगितलं नाही."

"माहीत असतं तर काढले नसतेस?"

त्याने विचार केला. "काढले असते. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

तिथे तो मला थोडा आवडला. पण थोडाच.

त्याचं म्हणणं असं होतं. ज्या ॲपवर लोक बोटीची वेळ बघतात ते याच नकाशावर चालतं. बोट कधी येणार हे खातं सांगतं, पण खातं जेट्टीला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. तंकमणीच्या ठिपक्यांना नंबर नव्हते. म्हणून त्या ॲपमध्ये आमच्या जेट्ट्यांवर बोट कधी येतच नव्हती.

"जूनमध्ये शाळा उघडतील," तो म्हणाला. "पोरं बोटीने जाणार. आया मला विचारतात, आमच्या जेट्टीची वेळ का दिसत नाही? काय सांगू त्यांना? एका बाईंची आठवण ठेवायचीय म्हणून?"

मी भिंतीवरच्या निळ्या ठिपक्यांकडे बोट केलं.

"आठवण मी घरी ठेवलीय," मी म्हणालो. "तुझ्या निळ्या ठिपक्याचा नंबर उचल आणि तिच्या ठिपक्याला लाव. पोरांनाही बोट दिसेल."

"एकेक करून? हाताने?"

"तिने चालत जाऊन घातलेत."

कुणीतरी हसलं. जिन्सी उठून पुढे आली. "नियम तोच आहे, रेजी. असलेला ठिपका ठेवायचा आणि त्यात भर घालायची. पुसून नवा घालतो ते आपण आळशी म्हणून."

"आळशी कुठं, टीचर? माणसं आहेत का आपल्याकडे? करणार कोण?"

"मी करतो," मी म्हणालो.

"चेट्टा, तुम्ही नकाशाचं काम कधी केलंय?"

"नाही. शिकव."

रेजिमोनने जिन्सीकडे असं पाहिलं की, बघ आता तूच. जिन्सी मला म्हणाली, "शाळा उघडायच्या आत, चेट्टा. तेवढ्यात झालं तर तुमच्या पद्धतीने. नाही झालं तर रेजीचं मशीन. मग नंतर रुसायचं नाही."

"नाही रुसणार."

बैठक संपल्यावर जिन्यात मी तिला तंकमणीचा फोन दाखवला. म्हटलं, "यातूनच करतो. हिच्या नावाने उघडंच आहे."

"नाही, चेट्टा."

"का? नवरा आहे मी तिचा."

"म्हणूनच नाही." ती दोन पायऱ्या खाली होती, वळून वर बघत बोलत होती. "या नावाने नकाशात जे आहे ते चेची स्वतः तिथे जाऊन करून आलीय. आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाचा ठिपका असला तर मी तपासते. चेचीचा नाही तपासत. उद्या तुम्ही तिच्या नावाने काम करायला लागलात, की तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं, कुणाला कळणार?"

मला राग आला. बोट चुकेल असं काहीतरी सांगून मी निघालो. घरी येऊन काळा चहा केला, तो उभ्याउभ्याच प्यायलो, आणि मग जिन्सीला फोन केला.

"नवीन अकाउंट कसं उघडतात?"

तिने सांगितलं तसं तसं करत गेलो. "नुसतं पुष्करन कुणीतरी घेतलंय म्हणतंय," मी म्हणालो.

"मग पुष्करन मोटार घाला."

हसत बोलली होती, पण मी तेच घातलं.

कापणी झालेली होती, शेतं कोरडी, पंपाचं काम कमी. दुकान सकाळी तासभर उघडायचो आणि मग बोट पकडायचो. माझ्या फोनवर आता तिघे दिसायचे: मी स्वतः, तंकमणीचे लाल, खात्याचे निळे. जेट्टीवर उतरलो की तिचा ठिपका माझ्या पायाखाली असायचा. पण निळे भलतीकडेच. सगळे पाण्यात. आणि एकेका जेट्टीला दोन दोन, एक अलीकडे, एक पलीकडे. कुठला नंबर कुठल्या जेट्टीला लावायचा तेच कळेना. जिथे दोन काठांवर समोरासमोर जेट्ट्या होत्या तिथे तर निळ्या ठिपक्यांचा नुसता पसारा.

बोटीचा मास्तर दिवाकरन. तिकिटं तोच फाडतो आणि जीभही त्याचीच जास्त चालते.

"रोज रोज कुठं, पुष्करेट्टा? बोट विकत घ्यायचा विचार आहे का?"

"घेतली तर पहिला तुला उतरवीन."

"उतरवा. पण जेट्टीवर उतरवा, पाण्यात नको."

मी रेजिमोनला फोन लावला. "तुझे सगळे ठिपके पाण्यात आहेत."

"थोडं इकडे तिकडे होतंच, चेट्टा. जीपीएस आहे ते."

"आणि एका जेट्टीला दोन दोन कसे?"

"दोन असणारच. एक जायचा, एक यायचा. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बस थांबे नसतात का?"

"रेजी, बोट जाताना आणि येताना एकाच जेट्टीला लागते."

"एकाच?"

"तू कुट्टनाडात कधी बोटीत बसलायस का?"

"शाळेची सहल आली होती," तो हळूच म्हणाला.

तरी माझा प्रश्न सुटला नव्हता. माणसाने चूक केली तर ती इकडे तिकडे विखुरलेली असते. हे ठिपके सगळे सारखेच चुकले होते. मोटार एकाच जागी पुन्हा पुन्हा जळायला लागली की समजायचं, कुणीतरी काहीतरी रोज तसंच करतंय. मी दिवाकरनला विचारलं, खात्याची ही माहिती गोळा कुणी केली.

"आम्हीच की. मास्तर लोकांना फोन दिले होते. वरून सांगितलं, जेट्टीला थांबलात की बटण दाबा. दाबलं."

"कधी दाबलंस?"

"थांबताना."

"थांबताना म्हणजे नक्की कधी?"

शाळेत 'क' कसा काढतात असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वर सुकाणू धरून बसलेल्या सारंगाने दोरी ओढली, खाली घंटा वाजली आणि इंजिनवाल्याने इंजिन बंद केलं. बोट आवाज न करता पुढे सरकायला लागली.

"हे बघा, थांबलो," दिवाकरन म्हणाला. "घंटा झाली म्हणजे थांबलो. आता खलाशी दोर टाकणार, माणसं उतरणार, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, नव्यांची तिकिटं. जेट्टीला लागल्यावर बटण दाबायला मला तिसरा हात आहे का?"

जेट्टी अजून बरीच पुढे होती. मधे दोन घरं, एक ताडीचं दुकान. मी फोन बघितला. आमची बोट बरोबर निळ्या ठिपक्यावर होती.

शनिवारी रेजिमोन कोचीहून आला. त्याला मी इंजिनाजवळच्या बाकावर बसवलं, घंटेच्या खालीच. फोन त्याच्या हातात. पहिल्या जेट्टीला घंटा झाली तेव्हा तो दचकला आणि मग त्याने फोनकडे पाहिलं. दुसऱ्या जेट्टीला तो घंटेची वाटच बघत होता. तिसऱ्या जेट्टीला मोठ्याने हसला.

"घंटा! अख्खं खातं घंटेवर बसलंय!"

"तुम्हाला हसू येतंय," दिवाकरन म्हणाला, "आणि मला त्या कामाबद्दल शाबासकी मिळालीय."

"मिळायलाच हवी, चेट्टा. एकही घंटा चुकलेली नाही."

पोरगा हुशार होता. परतीच्या बोटीत त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला समजावलं. जातानाची घंटा जेट्टीच्या अलीकडे, येतानाची पलीकडे, म्हणजे जेट्टी दोन्हींच्या मधे. दोन निळ्यांची जोडी मशीन लावून देईल. त्या जोडीच्या मधे तंकमणीचा जो ठिपका सापडेल त्याला तो नंबर.

"पण समोरासमोर जेट्ट्या आहेत तिथे मशीनला काठ कळणार नाही," तो म्हणाला.

"तिथे मी उतरतो."

"आणि प्रत्येक ठिकाणी जेट्टी खरंच आहे का, तेही बघायला लागेल."

"तेही बघतो."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. तो कोचीहून जोड्या पाठवायचा, मी बोटीने जाऊन बघायचो आणि तंकमणीच्या ठिपक्याला नंबर लावायचो. पहिलं नाव तिचं, त्याखाली भर घालणाऱ्याचं माझं. उन्हाने मान भाजली. एकदा ठेचकाळून अंगठ्याचं नख गेलं. एके दिवशी चुकीच्या काठाचा नंबर लावला, तो रेजिमोनने लगेच पकडला आणि म्हणाला, "मोटार, उलटी फिरायला लागली." मी परत जाऊन बदलला.

एका जेट्टीवर एक बाई करिमीन मासे साफ करत बसली होती. मी फोन धरून उभा राहिलेला बघून म्हणाली, "तंकमणी सिस्टर अशाच उभ्या राहायच्या. मला वाटायचं, रेंज शोधतायत. मी म्हणायचे, सिस्टर, इकडे माझ्या गोठ्यापाशी या, इथे चांगली येते. तर म्हणायच्या, मला गोठा नाही लागत, जेट्टी लागते."

"अजून काय म्हणायची?"

"काय म्हणणार? बाळाला मध चाटवू नको म्हणायच्या. तुम्ही त्यांचे कोण?"

मी सांगितलं. तिने हात धुतले आणि मला चहा दिला. मासे तसेच पडून होते, मांजर येऊन बसलं, तरी ती उठली नाही. माझा चहा संपेपर्यंत बसून राहिली.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले तेव्हा एक ठिपका शिल्लक होता. रेजिमोनचा फोन आला.

"चेट्टा, पट्टरुपाडमची जोडी लागत नाही. खात्याची जेट्टी शेताच्या पलीकडच्या अंगाला दिसतेय, मोठ्या कालव्यावर. चेचींची अलीकडे, लहान कालव्यात."

मला ते आधीच दिसलं होतं. तो तिचा पहिला ठिपका. मीच तो मागे मागे ठेवत आलो होतो.

"जाऊन बघतो."

"बघा. पण बघायचं काय त्यात? जेट्टी हलवली असेल. ठिपका धरायचा आणि ओढून पलीकडे न्यायचा. ओढला तर नाव त्याच्याबरोबर जातं. चेचींचं नाव राहील, नंबर लागेल, काम संपेल."

"असं चालतं?"

"थोडंसं हलवलेलं चालतं. एवढं लांब म्हटल्यावर..." तो थांबला. "कोण तपासायला येतंय, चेट्टा? मी तर नाही."

वाचनालयात मशीन लावून सगळे लाल पुसायला निघालेला हाच मुलगा. बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

लहान कालव्यातून आता बोट जात नाही. ओळखीच्या एकाची होडी मागून घेतली आणि वल्हवत गेलो. मधल्या एका पावसात तिथला बांध फुटल्याचं ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. बांध होता तिथे पाणी, शेत होतं तिथे पाणी, दोन्हीकडे एकच पातळी. एका घराची कौलं तेवढी वर होती, त्यावर पाणकावळे बसलेले. फोन सांगत होता की मी पट्टरुपाडम जेट्टीवर आहे. माहिती उघडली. तंकमणीचं नाव. वल्हं खाली घालून पाहिलं. दगड लागला नाही, चिखल लागला.

वारा होडी ढकलत होता. मी ती पुन्हा पुन्हा त्याच जागी आणत राहिलो. ती इथे उभी राहिली होती, म्हातारी गेलेल्या त्या घराकडे तोंड करून. तिने हे सगळं का सुरू केलं ते या जागेवर होतं. माझ्या मनात आलं की राहू दे हा एक. एका ठिपक्याने कुणाचं काय बिघडतंय?

पण पलीकडची जेट्टी बघायचीच होती. बुडलेल्या शेतावरून होडी तशीच पुढे घातली.

मोठ्या कालव्यावर पंपघराला लागून नवी काँक्रीटची जेट्टी. पायरीवर एक बाई बसली होती, शेजारी तिचा नवरा, पाय सुजलेले, हातावर इस्पितळाची पट्टी. बोटीची वाट बघत होते. मी होडी बांधली.

"ही जेट्टी कधी झाली?"

"बांध गेल्यावर. घरं सगळी इकडे आली ना आमची. तुम्ही खात्याचे का?"

"नाही. इथे तंकमणी सिस्टर कधी आल्या होत्या का?"

"लसीच्या सिस्टर? त्या जुन्या जेट्टीला यायच्या. इकडे नाही कधी. ही झाली तेव्हा त्या आजारी आहेत असं ऐकलं. बऱ्या आहेत का आता?"

"नाही. गेली ती. मी तिचा नवरा."

"अय्यो," ती म्हणाली. नवऱ्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने माझ्या हातातला फोन बघून बाई म्हणाली, "तुम्हाला यातलं कळत असेल तर एक सांगा. यात आमची जेट्टी चुकीची का दाखवतात? मागे यांना अचानक जास्त झालं तेव्हा रुग्णवाहिकेची बोट बोलावली. ती चालवणारा नवा पोरगा, फोन बघत बघत जुन्या कालव्यात शिरला. मी इथून ओरडतेय, तो तिथे पाण्यात गोल गोल फिरतोय. शेवटी पंपघराच्या छपरावर चढले आणि साडी हलवली."

"साडी नाही, माझं धोतर," नवरा म्हणाला.

"धोतर. ते काय सांगायचं असतं का?"

ती हसली. मला हसता आलं नाही. ज्या नकाशावर बघून तो पोरगा जुन्या कालव्यात शिरला, तिथे तंकमणीचा ठिपका होता.

मी पायरीवर बसलो. आता ठेवायचा का, हा प्रश्न उरला नव्हता. ओढायचा का, एवढाच होता. ओढला असता तर या बाईचं काम झालं असतं, पोरांचं झालं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. फक्त ज्या जेट्टीवर तंकमणी कधी उभी राहिली नाही तिथे तिचं नाव लागलं असतं. मग बाकीच्या जेट्ट्यांवर ती उभी होती हे तरी कशावरून? दुसऱ्या कुणाला कळलं नसतं हे खरं. पण ती नावं बघायला जाणारा माणूस मीच होतो, आणि मला कळलं असतं.

"या जेट्टीला तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"पंपघर जेट्टी. खातं पट्टरुपाडम म्हणतं. पण पट्टरुपाडम म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे जुनीच येते."

मी उठलो, जेट्टीच्या टोकाला गेलो, फोन धरून उभा राहिलो. नवा ठिपका घातला. नाव, पंपघर. खात्याचं नाव वेगळ्या रकान्यात. नंबर. घालणारा, पुष्करन मोटार.

मग जुना उघडला. काढायचं बटण दाबल्यावर ते विचारतं, का काढताय. मी लिहिलं, "इथे आता जेट्टी नाही. बांध फुटला. स्वतः जाऊन पाहिलं." एवढं लिहायला मला वेळ लागला. बाई मान वाकवून बघत होती. पाठवलं. ठिपका गेला. तिथे पुन्हा निळा रंग आला.

फोन ठेवतोय तोवर रेजिमोनचा आला. तो बघतच बसला असणार.

"चेट्टा, पंपघर दिसतंय. तुमच्या नावाने. मी म्हटलं होतं ना, ओढा म्हणून?"

"ती इथे कधी आली नव्हती, रेजी."

"आणि जुना?"

"काढला."

"बरं. मग झालं सगळं. रात्री निवांत बसून वेळापत्रक जोडतो. उद्यापासून दिसेल."

"रात्री कशाला? इथे एक आजारी माणूस बोटीची वाट बघत बसलाय. त्याच्या बायकोकडे फोन आहे. आत्ता जोड."

"आत्ता मी ऑफिसात आहे, चेट्टा."

"मग बाहेर ये," मी म्हणालो. "तिच्या फोनमध्ये बोट दिसेपर्यंत मी इथून हलत नाही."